आतड्यातल्या पेशी किरणांनी जळतात का?

पोटाला रेडिएशन दिलं की आतडी आतून जळतात, असं सर्रास बोललं जातं. साधा हिशेब करून पाहा. ग्रे हे अंगात शोषल्या गेलेल्या किरणांच्या ऊर्जेचं माप. 10 ग्रे ही सगळ्या अंगाला एकदम मिळाली तर जीवघेणी ठरणारी मात्रा. पण तेवढ्या ऊर्जेने शरीराचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागाइतकंही वाढत नाही. मग पेशी मरतात कशाने?

घाव बसतो डीएनएवर. एका ग्रेमागे प्रत्येक पेशीत डीएनएचे दोन्ही धागे सुमारे 40 ठिकाणी तुटतात. त्यातले बहुतेक तुकडे पेशी सांधूनही घेते. जी पेशी सतत विभागत असते तिला मात्र त्यासाठी पुरेसा वेळ मिळत नाही. विभागणाऱ्या पेशींना किरण जास्त बाधतात, हे बेर्गोनिए आणि ट्रिबोंदो या फ्रेंच संशोधकांनी 1906 मध्येच मांडलं होतं. आणि लहान आतड्याचं अस्तर तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं! अस्तरातल्या सूक्ष्म खळग्यांना क्रिप्ट म्हणतात. त्यांच्या तळाशी मूलपेशी असतात. तिथे जन्मलेल्या पेशी वर सरकत जातात आणि बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकावरून गळून पडतात.

आता त्या तळाशी काय घडतं ते पाहू, कारण खरी गंमत इथे आहे. पी53 नावाचं प्रथिन पेशीत सतत तयार होतं आणि लगेच नष्टही केलं जातं. डीएनए तुटला की एटीएम हे विकर जागं होतं, पी53 नष्ट होणं थांबतं आणि ते साठू लागतं. मग ते दोन कामं करतं. पी21 या प्रथिनाकरवी विभाजन रोखतं आणि प्यूमा या प्रथिनाकरवी मृत्यूची तयारी करतं. प्यूमामुळे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला छिद्रं पडतात, त्यातलं सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर येतं आणि कॅस्पेज विकरं पेशीचे आतून तुकडे करतात. उंदराला किरण दिल्यावर तीन ते सहा तासांत सूक्ष्मदर्शकाखाली क्रिप्टच्या तळाशी आक्रसलेल्या केंद्रकांचे गडद, गोल कण दिसतात. शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. याला अपॉप्टोसिस म्हणतात.

मग पी53 काढून टाकलं तर आतडं वाचेल? पी53 नसलेल्या उंदरांमध्ये हा सुरुवातीचा मृत्यू खरोखरच जवळजवळ थांबतो. पण मोठ्या मात्रेनंतर हेच उंदीर लवकर दगावतात! पी21चा लगाम नसल्याने पेशी तुटक्या डीएनएसकट विभागायला निघतात, गुणसूत्रं फाटतात आणि पेशी विभागता विभागताच मरतात. 2010 मध्ये उंदरांच्या आतड्याच्या अस्तरातून फक्त अपॉप्टोसिसला लागणारी बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं काढून पाहिली, तरीही उंदीर वाचले नाहीत. म्हणजे आतड्याचा जीव वाचतो तो विभाजनाला वेळेवर लागलेल्या लगामामुळे.

उंचवट्यांवरच्या पेशी विभागत नसल्याने पहिले काही दिवस काम करत राहतात. त्या गळल्या आणि मागून नव्या आल्या नाहीत, की अस्तर उघडं पडतं. मग पाणी आणि क्षार वाहून जातात, जंतू रक्तात शिरतात. कर्करोगाच्या उपचारात बहुधा रोज 1.8 ते 2 ग्रे एवढीच मात्रा देतात, ती पेशींना सावरायला अवधी मिळावा म्हणून. क्रिप्टमध्ये एक मूलपेशी जरी तगली, तरी ती पुन्हा सगळा क्रिप्ट उभा करू शकते. 'शरीरातलं रेडिएशन बाहेर काढणारी' म्हणून विकली जाणारी चूर्णं यात काहीच करत नाहीत. बाहेरून दिलेले किरण यंत्र बंद होताच संपतात. काढायला आत काही उरतच नाही.

मोठ्या आतड्यातलं चित्र मात्र वेगळं आहे. उंदरांमध्ये तिथल्या मूलपेशींत मृत्यू रोखणारं बीसीएल-2 हे प्रथिन आढळतं, त्यामुळे घाव बसूनही त्या सहजी मरत नाहीत. माणसात कर्करोग मोठ्या आतड्यात वारंवार होतो, लांबीने त्याहून कितीतरी जास्त असलेल्या लहान आतड्यात क्वचित. बिघडलेल्या पेशी लहान आतड्यात तत्परतेने मरतात हे त्यामागचं एक कारण असावं, असं काही संशोधकांना वाटतं.