दाताच्या इम्प्लांटचा धातू रक्तात भिनतो का?

'दाताला टायटॅनियमचा स्क्रू बसवला की धातू रक्तात भिनून किडनी जाते' हा मेसेज बेळगाव-खानापूरकडे वर्षानुवर्षं फिरतोय. हा स्क्रू म्हणजेच इम्प्लांट, पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवतात तो. अर्धी गोष्ट खरी आहे: त्यातून सूक्ष्म कण सुटतात. पण टायटॅनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आपोआप धरतो, खरवडला तरी पुन्हा धरतो; म्हणून झीज फार थोडी. सुटलेले कण मुख्यतः जवळच्या हिरडीत आणि हाडात सापडतात, हिरडी सुजलेली असेल तर जास्त. त्यानं किडनी जाते याला पुरावा नाही. काळजी घ्यायची ती हिरडीची. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात तर विडी ओढणाऱ्यांनी विशेष, कारण धूम्रपानानं इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. आपल्या तोंडात नक्की काय बसवलंय, हे पाहायला डॉक्टरांकडून इम्प्लांटचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी आणि लॉट नंबर (कोणत्या खेपेत बनला तो क्रमांक) असतो. हिरडीतून रक्त, पू आला किंवा इम्प्लांट हलला तर लगेच दाखवा, एक्स-रेत हाडाची झीज दिसते.