जाहिरातीत दिसला, मित्राला विचारून घेतला

नवा फोन घ्यायचा म्हटलं की माणूस आधी कुणाला तरी विचारतो. ‘तुझा कसा आहे रे? बॅटरी दिवसभर पुरते का? तापतो का?’ जाहिरातीत यातल्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर नसतं. फोन कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे.

ही विचारपूस फोनपेक्षा कितीतरी जुनी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतकऱ्यांनी मक्याचं संकरित बियाणं कसं स्वीकारलं, याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी 1943 साली प्रसिद्ध केला. बियाण्याचं नाव अनेकांच्या कानावर पहिल्यांदा घातलं ते विक्रेत्यांनी. पेरायचं ठरलं ते मात्र जास्त करून शेजाऱ्याच्या शब्दावर. पुढे 1969 मध्ये फ्रँक बास यांनी हेच गणितात मांडलं: थोडे जण जाहिरातीसारख्या बाहेरच्या प्रभावानं वस्तू घेतात, बाकीचे आधी घेतलेल्यांकडे बघून. नव्या वस्तूच्या खपाचा अंदाज बांधायला हे सूत्र आजही वापरलं जातं.

आयफोनची पहिली जाहिरात 25 फेब्रुवारी 2007 रोजी ऑस्कर सोहळ्यात लागली. चित्रपटांतली पात्रं एकामागून एक फोन उचलून ‘हॅलो’ म्हणतात आणि शेवटी नव्या फोनची झलक दिसते. फोन काय करतो, याबद्दल चकार शब्द नाही. चर्चा लोकांनी करायची, हाच डाव होता. 29 जूनला विक्री सुरू झाली तेव्हा दुकानांबाहेर रांगा लागल्या आणि त्या रांगांचीच बातमी झाली. 2011 मध्ये सॅमसंगनं या रांगांची टर उडवली. त्या जाहिरातीत ताटकळत बसलेल्यांना येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातातला गॅलेक्सी एस टू दिसतो आणि ते टकामका बघत राहतात. म्हणजे शेजाऱ्याचं शेतच जाहिरातीत आणून ठेवलं! (माझ्या मते, एवढी हुशार फोन-जाहिरात क्वचितच झाली असेल.) वनप्लसनं 2014 मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. पहिला फोन घ्यायला निमंत्रण लागे आणि फोन घेतलेल्यांना ती निमंत्रणं पुढे वाटता येत. ग्राहकच विक्रेता झाला.

पण बोलणाऱ्या तोंडांवर लगाम नसतो. सप्टेंबर 2012 मध्ये नोकियानं ल्युमिया 920 चा कॅमेरा व्हिडिओ किती स्थिर घेतो, हे दाखवायला सायकल चालवणाऱ्या तरुणीची जाहिरात काढली. मागच्या एका काचेत क्षणभर प्रतिबिंब उमटलं: मोठा व्यावसायिक कॅमेरा घेतलेला माणूस. ते दृश्य फोननं टिपलेलंच नव्हतं. बघणाऱ्यांनी ते हेरलं, चोहीकडे बोभाटा झाला आणि कंपनीला माफी मागावी लागली.

मग शेजारीच विकत घेतला तर? पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस करणाऱ्यानं तसं उघड सांगावं, अशी मार्गदर्शक तत्त्वं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं (तिथल्या व्यापार नियामकानं) 2009 मध्ये ब्लॉगलेखकांनाही लागू केली होती. 2013 मध्ये तर तैवानच्या व्यापार नियामकानं सॅमसंगला दंड ठोठावला. पैसे देऊन माणसं लावायची आणि त्यांनी सामान्य ग्राहक असल्याच्या थाटात एचटीसी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या फोनांना इंटरनेटवर नावं ठेवायची, असा तो प्रकार होता. दंडाची रक्कम होती 1 कोटी तैवानी डॉलर, कंपनीच्या जाहिरातखर्चापुढे अगदीच किरकोळ.