एकोणीस दातांचं चाक

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही हौशी मंडळींनी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. क्रेन, लंबकाचं घड्याळ, आकाशपाळणा, रेल्वेचं इंजिन. सगळं मेकॅनोच्या संचांतल्या भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांनी जोडलेलं, आणि सगळं चालतं. प्रदर्शनाला आमची एकच अट असते: मॉडेल दिवसभर चाललं पाहिजे. घरी दोन मिनिटं फिरवून दाखवणं वेगळं आणि सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत पोरासोरांच्या गर्दीत फिरत ठेवणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी क्रेन थांबली. मोटर गुणगुणत होती, पण दोर गुंडाळणारा ड्रम हलेना. मी वायर तपासली, सेल बदलले, दात अडकले का ते टॉर्च लावून पाहिलं. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ बराच वेळ उभे होते. हिंगणघाटकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून नोकरी करतो म्हणाले. मॉडेलला हात न लावता, नुसतं बोट दाखवून ते म्हणाले, "भाऊ, मधला बोल्ट ढिला करून पाहा बरं. शाफ्ट तिथंच अडून राहिला." मी पाना घालून तो बोल्ट अर्धा आटा सैल केला. क्रेन चालू झाली.

ड्रमचा दांडा, म्हणजे शाफ्ट, मी तीन पट्ट्यांच्या भोकांतून ओवला होता, आणि गडबड तिथेच होती. कोणत्याही दोन बिंदूंमधून सरळ रेषा जातेच, त्यामुळे दोन आधारांवरचा दांडा कुरकुर करत नाही. तिसरा आधार मात्र नेमका त्याच रेषेवर हवा. तो कागदाच्या जाडीएवढा जरी बाजूला गेला तरी दांड्याला वाकावं लागतं, आणि वाकलेला दांडा फिरताना प्रत्येक फेऱ्यात तीनही भोकांच्या कडा घासतो. त्या घर्षणाला लहान मोटर पुरी पडत नाही. या संचांतला दांडा जेमतेम चार मिलिमीटर जाडीचा आणि भोक त्याहून केसभर मोठं. या केसभर मोकळीकीला आमच्याकडे सगळे 'प्ले' म्हणतात. सकाळी हॉल उघडल्यावर मीच उत्साहाने सगळे बोल्ट करकचून आवळले होते. आवळताना मधली पट्टी किंचित सरकली आणि तो प्ले संपला.

फिटरसाहेबांना हे दिसलं, कारण त्यांचं आयुष्य लांब शाफ्टच्या सोबतीत गेलंय. एकाच दांड्यावर ओळीने बेअरिंग असतात तिथे त्यातलं एक रेषेबाहेर गेलं की तेच गरम होतं. उपाय दोन्हीकडे सारखाच आहे. आधी सगळे बोल्ट सैल ठेवायचे, दांडा ओवायचा, बोटाने गरकन फिरवायचा. तो आपोआप थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग एकेक बोल्ट आवळायचा. प्रत्येक बोल्टनंतर पुन्हा फिरवून पाहायचं. ज्या बोल्टनंतर फिरणं जड झालं, तो गुन्हेगार. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीची चाकं कधी जाम होत नाहीत, कारण त्यांना भरपूर प्ले असतो. ती डुगडुगतात, पण चालतात. घड्याळाला तेवढी मोकळीक परवडत नाही. किती प्ले ठेवायचा हे ठरवता आलं की निम्मं यंत्रशास्त्र हातात आलं, असं मी मानतो.

हे संच ज्याने काढले तो फ्रँक हॉर्नबी शिकलेला इंजिनिअर नव्हता. लिव्हरपूलमध्ये मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे तो कारकुनी करायचा. मुलांना क्रेन करून देताना त्याच्या लक्षात आलं की दर खेळण्यासाठी नवे भाग कापण्यापेक्षा एकसारख्या अंतरावर भोकं असलेल्या पट्ट्या केल्या, तर त्याच पट्ट्यांतून उद्या पूल करता येईल आणि परवा गाडी. 1901 मध्ये त्याने पेटंट घेतलं, 1907 मध्ये 'मेकॅनो' हे नाव आलं. लिव्हरपूलचा तो कारखाना 1979 मध्ये बंद पडला, पण संचांची कल्पना जगभर राहिली. आपल्याकडे अनेकांच्या लहानपणी 'मेकॅनिक्स' नावाचा डबा होता. नट हरवले म्हणून घरभर फरशी झाडून काढल्याची आठवण सांगणारे प्रदर्शनात हमखास भेटतात.

मेकॅनोतलं भोकाभोकामधलं अंतर, म्हणजे एक 'घर', अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. बाकी सगळं या अर्ध्या इंचावर उभं आहे, आणि त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे गिअरच्या दातांची संख्या. संचातल्या पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चाकाला, 19 दात असतात. वीस का नाहीत? मोठ्या गिअरना 57, 95, 133. हे आकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं, कुणीतरी मनाला येईल तसे ठरवले असावेत.

पण गणित करून पाहा. या गिअरचे दात असे कापलेत की व्यासाच्या एका इंचाला 38 दात येतात. म्हणजे 19 दातांच्या चाकाचा व्यास अर्धा इंच आणि 57 दातांच्या चाकाचा दीड इंच. दोन चाकं एकमेकांत अडकतात तेव्हा त्यांच्या दांड्यांमधलं अंतर दोन्ही व्यासांच्या बेरजेच्या निम्मं असतं: अर्धा अधिक दीड म्हणजे दोन, त्याचं निम्मं एक इंच. पट्टीवर एक इंच म्हणजे बरोबर दोन घरं पुढे! 19 आणि 95 घेतले तर अंतर दीड इंच, तीन घरं. 19 आणि 133 घेतले तर दोन इंच, चार घरं. कुठेही नवीन भोक पाडावं लागत नाही, आणि वेग कमी होतो तिप्पट, पाचपट, सातपट.

इथे एक सूक्ष्म अडचण आहे. तीन, पाच, सात मिळाले, मग साधं दुप्पट कुठे गेलं? त्यासाठी 19 च्या जोडीला 38 दातांचं चाक लागलं असतं. त्याचा व्यास एक इंच, म्हणून दांड्यांमधलं अंतर पाऊण इंच, आणि पाऊण इंचावर भोकच नाही, ते दोन भोकांच्या मधोमध पडतं. म्हणून दुपटीसाठी 25 आणि 50 दातांची वेगळी जोडी दिली. त्यांचं खरं अंतर एक इंचापेक्षा साधारण एक तृतीयांश मिलिमीटरने कमी येतं. ही जोडी एक इंचावर बसवली की दात किंचित सैल अडकतात, पण काम भागतं. पुन्हा तोच प्ले. इथे ती मोकळीक गणिताची चूक सांभाळून घेते.

आमच्यातले एक निवृत्त काका मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जाऊन मोजमापं घेऊन आले आणि त्यांनी इंजिनाचं मॉडेल केलं. नागपूरच्या नॅरोगेजच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, 762 मिलिमीटर. त्यांनी मॉडेल बारापट लहान केलं आणि अंतर आलं 63.5 मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच. पट्टीवरची नेमकी पाच घरं. फूट-इंचाच्या काळातली रूळगाडी आणि फूट-इंचाच्या काळातला संच यांचा मेळ असा आपसूक बसला. काकांनी तो शोध सगळ्यांना चहा पाजून साजरा केला.

पट्ट्यांचा सांगाडा ताठ कसा राहतो, हे मुलांना दाखवायला चार पट्ट्यांचा चौकोन पुरतो. कोपऱ्यांवर बोल्ट कितीही आवळा, ढकलला की तो कलतो. कर्णावर एक पट्टी लावली की हलत नाही, कारण तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचा आकार ठरून जातो. गड्डीगोदामला रेल्वेवरून जाणाऱ्या डबलडेकर पुलाचा लोखंडी सांगाडा पाहा, डोळे आपोआप तिरके दांडे शोधू लागतील. काटकोन हवा असेल तर बाजू 3, 4 आणि 5 घरांच्या ठेवायच्या. त्यासाठी अनुक्रमे 4, 5 आणि 6 भोकं लागतात. भोकं मोजली की चुकतं, घरं मोजायची.

क्रेनकडे परत येतो. तिच्यात वर्म गिअर आहे. स्क्रूसारखा आटे असलेला दंडगोल 57 दातांच्या चाकाला फिरवतो. वर्मचे 57 फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. मोटर बंद केली तरी टांगलेलं वजन खाली येत नाही, जिथल्या तिथे लटकून राहतं. प्रदर्शनात सगळ्यात जास्त प्रश्न यावरच येतात: याला ब्रेक कुठे आहे? ब्रेक म्हणजे घर्षणच. वर्मच्या आट्यांचा उतार इतका कमी असतो की चाकाने उलटं ढकललं तरी आटे घसरत नाहीत.

या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते. जे घर्षण एकटं ते वजन खाली येऊ देत नाही, तेच घर्षण वजन वर नेतानाही आडवं येतं आणि निदान वजन उचलण्याइतकीच मेहनत खातं. म्हणून उलटा न फिरणारा वर्म मोटरच्या कामातला निम्माही भाग पुढे पोचवू शकत नाही. बाकीची उष्णता होते. दिवसभर चालल्यावर वर्मला बोट लावलं तर तो कोमट लागतो. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब दिले की बरं वाटतं त्याला, पण जास्त तेल घातलं तर नागपूरची धूळ त्यात बसून काळी पेस्ट होते आणि झीज वाढते.

आता आम्ही जे यंत्र करायच्या मागे लागलोय त्याबद्दल. 1934 मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री या भौतिकशास्त्रज्ञाने आपला विद्यार्थी आर्थर पोर्टर याच्यासोबत मेकॅनोच्या भागांतून एक गणनयंत्र उभं केलं. अमेरिकेत एमआयटीमध्ये व्हॅनेव्हर बुश यांनी बांधलेलं विकलन समीकरणं (एखादी गोष्ट कोणत्या वेगाने बदलते ते सांगणारी समीकरणं) सोडवणारं मोठं यंत्र हार्ट्रीने पाहिलं होतं. त्याची कल्पना खेळण्यातल्या भागांत जमते का, ते त्याला पाहायचं होतं. सुमारे वीस पौंड खर्चात ते जमलं. उत्तरं साधारण दोन टक्क्यांच्या आत अचूक यायची आणि अणूंच्या रचनेच्या खऱ्या गणितासाठी ते वापरलं गेलं. मग हार्ट्रीने पूर्ण आकाराचं यंत्रही उभारलं.

या यंत्राचं हृदय आहे एक आडवी फिरणारी तबकडी आणि तिच्यावर उभं टेकलेलं छोटं चाक. चाक तबकडीच्या मधोमध असेल तर फिरत नाही, कडेकडे सरकवत नेलं तसं जोरात फिरतं. ते एकूण किती फिरलं, यात क्षणाक्षणाच्या वेगाची बेरीज साठलेली असते, जसं विजेचं मीटर क्षणाक्षणाचा वापर गोळा करून युनिट दाखवतं. गणितात याला संकलन म्हणतात. अकरावी-बारावीत ज्याने घाम फुटतो, ते इथे बशीएवढ्या जागेत डोळ्यांसमोर घडतं.

अडचण अशी की ते चाक तबकडीवर नुसतं टेकलेलं असतं. त्याने पुढचे गिअर ओढायला सुरुवात केली की ते घसरतं, आणि घसरलं की उत्तर चुकलं. म्हणजे चाकावर भार न टाकता त्याच्या फिरण्याला बळ द्यायला हवं. त्यासाठीची युक्ती विदर्भातल्या शेतकऱ्याला नवी नाही. तापट बैल आवरायचा असेल तर तो दावं खुंटाला दोन-तीन वेढे देतो आणि मोकळं टोक हातात धरून उभा राहतो. बैल सगळी ताकद लावतो, तरी टोक धरायला मनगटाचा जोर पुरतो. दोर आणि खुंट यांचा घर्षणांक 0.3 धरला तर एका वेढ्याला ताण साधारण साडेसहा पट वाढतो, दोन वेढ्यांना 43 पट आणि तीन वेढ्यांना 280 पटीच्या वर. वेढ्यागणिक गुणाकार होतो. यंत्रात खुंटाच्या जागी मोटरने सतत फिरणारा ड्रम असतो आणि त्यावर सैल दोरा. छोट्या चाकाने एक टोक हलकंसं ओढलं की दोरा आवळतो, ड्रम त्याला धरतो आणि दुसरं टोक कितीतरी जोराने खेचलं जातं. ताकद मोटरची आणि हुकूम चाकाचा.

आमची तबकडी आणि चाक तयार आहेत, पण दोरा जमत नाही. नायलॉनचा दोरा घसरतो. पतंगाची सद्दी (साधा सुती दोरा) लावून पाहिली, ती पकडते छान, पण तासाभरात झिजून तुटते. पीळ कमी असलेला दोरा चपटा होऊन ड्रमला चिकटून बसतो आणि वेळेवर सुटत नाही. जाडी, पीळ आणि मेण किती, यांचे तेरा-चौदा मेळ करून पाहिले, वहीत नोंद आहे.

प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी फिटरसाहेब पुन्हा आले, सोबत मुलगी होती. ती नववीत. तिने तबकडीवरचं चाक कडेपासून मध्यापर्यंत सरकवून पाहिलं, परत कडेला नेलं, पुन्हा मध्ये आणलं. तिच्या वडिलांनी मात्र वही मागितली आणि दोऱ्याच्या नोंदींचं पान शेवटपर्यंत वाचलं. मग तुटलेल्या सद्दीचं टोक चिमटीत धरून त्यांनी पीळ उलगडला, तंतूंची लांबी नखावर मोजली आणि म्हणाले, "आखूड धाग्याचा कापूस आहे हा, म्हणून तुटून राहिला. लांब धाग्याचं सूत मी आणतो. किती मीटर लागते?"