कार्य (भौतिकशास्त्र)

बल लावल्यावर वस्तू जागची हलली, म्हणजेच तिचे विस्थापन झाले, तर त्या बलाने कार्य केले असे म्हणतात. बल स्थिर असल्यास कार्य = बल × विस्थापन × कॉस थीटा. थीटा म्हणजे बल आणि विस्थापन यांच्या दिशांमधला कोन. बल आणि विस्थापन सदिश आहेत, कार्य अदिश. त्याला दिशा नसते, पण धन-ऋण चिन्ह असते. आंतरराष्ट्रीय (एसआय) पद्धतीतले एकक ज्यूल: १ न्यूटन बलाने वस्तू बलाच्याच दिशेने १ मीटर सरकली की १ ज्यूल. सीजीएस (सेंटीमीटर-ग्रॅम-सेकंद) पद्धतीतले एकक अर्ग फारच लहान. १ कोटी अर्ग म्हणजे १ ज्यूल. या राशीला आजचा नेमका अर्थ १८२९ मध्ये फ्रेंच गणिती कोरिऑलिस याने दिला. तेव्हा यंत्रांचे मोजमाप हा कळीचा प्रश्न होता.

महाराष्ट्रात हा विषय नववीच्या विज्ञानात ‘कार्य आणि ऊर्जा’ या प्रकरणात येतो. सूत्र पाठ व्हायला वेळ लागत नाही. गणित चुकते ते बहुधा ‘कोणत्या बलाचे कार्य?’ हा प्रश्न न विचारल्यामुळे. एकाच वस्तूवर एकाच वेळी अनेक बले असतात आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी पाहिली तर हे चांगले उमगते. मजूर २० किलोचा घड खांद्यावर घेऊन बागेतून सपाट वाटेने बांधावरच्या ट्रकपर्यंत एकाच चालीने जातो. खांदा घडाला वर रेटतो, विस्थापन आडवे. कोन ९० अंश, कॉस ९० शून्य, म्हणून खांद्याच्या या बलाचे कार्य शून्य. गुरुत्वीय बलाचेही शून्य. मग घाम कशाचा? भार नुसता तोलून धरतानाही स्नायूंचे तंतू आकसत-सैलावत राहतात, शरीरातली ऊर्जा खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. घडावर मात्र कार्य झालेले नसते. मजुरीचा दर ज्यूलवर ठरत नाही हे बरेच! तोच घड खांद्यावरून १.२५ मीटर वर उचलून ट्रकमधल्या माणसाच्या हाती दिला, तर गुरुत्वत्वरण १० मी/से² धरून वजन २०० न्यूटन आणि हाताने केलेले कार्य २५० ज्यूल. त्याच वेळी गुरुत्वीय बलाचे कार्य उणे २५० ज्यूल. बल खाली आणि विस्थापन वर, कोन १८० अंश.

दोन्हींची बेरीज शून्य येते तेव्हा विद्यार्थी गोंधळतात. पण घड सुरुवातीला स्थिर होता आणि शेवटीही स्थिर आहे. सगळ्या बलांच्या कार्यांची बेरीज ही गतिज ऊर्जेतल्या, म्हणजे गतीमुळे असलेल्या ऊर्जेतल्या, बदलाइतकी असते, हेच कार्य-ऊर्जा प्रमेय. इथे तो बदल शून्य. हाताने दिलेले २५० ज्यूल स्थितिज ऊर्जेच्या, म्हणजे उंचीमुळे मिळालेल्या ऊर्जेच्या, रूपात साठले.

बल तिरके असेल तर विस्थापनाच्या दिशेतला त्याचा भागच मोजायचा. बैलांच्या खांद्यावरचे जू उंच आणि वखर जमिनीत, त्यामुळे ओढ तिरकी लागते. ओढ ८०० न्यूटन, कोन २० अंश आणि वखराच्या ओळीची लांबी १०० मीटर धरली, तर ८०० × १०० × ०.९४, म्हणजे सुमारे ७५,२०० ज्यूल. चाल एकसारखी असेल तर मातीच्या विरोधाचे कार्य तितकेच, पण ऋण.

ऋण कार्याचे मोठे उदाहरण भुसावळ जंक्शनच्या रुळांवर मिळते. ४,००० टनांची मालगाडी ताशी ७२ किमी, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने येत असेल, तर तिची गतिज ऊर्जा (½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग) ८० कोटी ज्यूल. ती थांबवताना ब्रेक आणि इतर विरोधी बलांचे एकूण कार्य उणे ८० कोटी ज्यूल भरते.

गुरुत्वीय बलाचे कार्य वाटेवर अवलंबून नसते. तोरणमाळला घाटाच्या वळणांनी चढा किंवा पायवाटेने, उंचीतला फरक ६०० मीटर धरल्यास ५० किलोच्या माणसावर ते उणे ३ लाख ज्यूलच. घर्षणाला हा नियम लागू नाही. वाट लांबली की त्याचे कार्यही वाढते. बल बदलते असेल, उदाहरणार्थ ताणलेली स्प्रिंग, तर बल-विस्थापन आलेखाखालचे क्षेत्रफळ काढतात.

घरच्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. खानदेशात विहिरी आणि बोअर खोल जाण्याची झळ या आकड्यातून थेट मोजता येते. १ लिटर (१ किलो) पाणी ३० मीटर वर आणायला ३०० ज्यूल लागतात, म्हणून एका युनिटात जास्तीत जास्त १२,००० लिटर. पाणी ६० मीटरवर गेले की त्याच युनिटात ६,०००. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ५० टक्के असेल, तर शेतात पडते ३,००० लिटर, आणि पाइपमधल्या घर्षणाचा तोटा अजून धरलेलाच नाही.