युनियन पॅसिफिक की सेंट्रल पॅसिफिक? 'हेल ऑन व्हील्स' बघताना होणारा घोळ

अमेरिकेतल्या पहिल्या आंतरखंडीय रेल्वेच्या बांधणीवरची 'हेल ऑन व्हील्स' ही मालिका (एएमसी वाहिनी, 2011 ते 2016) बघणारे बरेच जण पाचव्या सीझनला अडखळतात. चार सीझन नायक कलन बोहॅनन नेब्रास्का-वायोमिंगच्या माळावर रूळ टाकत असतो आणि एकदम तो बर्फाच्या डोंगरात चिनी मजुरांमध्ये दिसतो. रेल्वे तीच ना? मार्ग तोच, पण कंपनी दुसरी. गडी युनियन पॅसिफिक सोडून थेट प्रतिस्पर्ध्याकडे, सेंट्रल पॅसिफिककडे गेलेला असतो.

लिंकनने 1862 मध्ये सही केलेल्या कायद्याने हे काम दोन कंपन्यांना वाटून दिलं. सेंट्रल पॅसिफिक कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे निघाली, युनियन पॅसिफिक मिसुरी नदीकाठच्या ओमाहाहून पश्चिमेकडे. भेटायचं कुठे, हे ठरलंच नव्हतं. सरकार जमीन देणार आणि वर मैलामागे कर्जरोखे: सपाटीला 16,000 डॉलर्सचे, डोंगरात 48,000 चे. मग थांबणार कोण? युटामध्ये दोघांचे भराव एकमेकांना ओलांडून समांतर पुढे गेले. शेवटी एप्रिल 1869 मध्ये प्रॉमोन्टरी समिट हे ठिकाण नक्की झालं आणि 10 मे रोजी तिथे रूळ जुळले.

युनियन पॅसिफिकने 1,086 मैल टाकले, सेंट्रल पॅसिफिकने 690. आकडे बघून कुणी दुसरीला आळशी म्हणेल, पण तिच्या वाट्याला सुरुवातीलाच सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट आला होता. समिट टनेल 1,659 फुटांचा. त्यात दिवसाला जेमतेम फूटभर दगड निघायचा, म्हणून पुढे नायट्रोग्लिसरीन वापरावं लागलं. रूळ आणि इंजिनं पूर्व किनाऱ्यावरून जहाजाने, बरीचशी दक्षिण अमेरिकेला वळसा घालून यायची. 1866-67 च्या हिवाळ्यात मजूर बर्फाखाली खोदलेल्या वाटांमधून कामावर जात; हिमकडे कोसळून कित्येक गाडले गेले.

हे मजूर बहुतांश चिनी होते, दहा हजारांच्या वर. गोऱ्या मजुरांना कंपनी जेवू घालायची, चिन्यांना शिधा पदरच्या पैशाने घ्यावा लागे. जून 1867 मध्ये हजारोंनी पगारवाढीसाठी आणि कामाचे तास कमी करण्यासाठी काम बंद केलं, तेव्हा सेंट्रल पॅसिफिकच्या चार्ल्स क्रॉकरने धान्यच तोडलं. आठवड्याभरात संप मोडला. मालिकेतली सर्वांत मोठी गोष्ट खरं तर इथे होती, आणि तिला शेवटचाच सीझन मिळाला याची मला चुटपुट आहे.

युनियन पॅसिफिककडे आयरिश, यादवी युद्धातून परतलेले सैनिक आणि युटात मॉर्मन. ज्या फिरत्या वस्तीवरून मालिकेला नाव मिळालं, ती दारूगुत्ते-जुगाराची तंबूवस्ती याच बाजूची. रूळ पुढे सरकले की तीही गाशा गुंडाळून पुढे जायची. वायोमिंगमधलं शायन शहर अशाच वस्तीतून उभं राहिलं.

मालिकेतला थॉमस ड्युरंट हा खरा माणूस, युनियन पॅसिफिकचा उपाध्यक्ष. (बोहॅनन मात्र काल्पनिक. आणि सगळे ज्याला 'स्वीड' म्हणजे स्वीडनचा म्हणतात, तो खलनायक तर मुळात नॉर्वेचा, पण तिथे ऐकतो कोण!) क्रेडिट मोबिलिए नावाच्या घरच्याच कंपनीला कंत्राटं देऊन, फुगवलेली बिलं काढून पैसा आपल्याच खिशात वळवायचा, ही त्या मंडळींची रीत. तिचे शेअर खासदारांना वाटल्याचं 1872 मध्ये बाहेर आलं. सेंट्रल पॅसिफिकचे स्टॅनफर्ड, हंटिंग्टन, हॉपकिन्स आणि क्रॉकर हे चौघेही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांचीही अशीच घरची कंत्राटदार कंपनी होती. फक्त तिच्या हिशेबाच्या वह्या चौकशीच्या वेळी सापडल्या नाहीत.

तेव्हा पुन्हा बघताना गोंधळ झालाच, तर पडद्यावर माळ आहे की घाट, एवढं पाहावं. आजच्या गाड्यांवर मात्र ही खूण चालत नाही. सेंट्रल पॅसिफिक पुढे सदर्न पॅसिफिकमध्ये विरली आणि 1996 मध्ये ती युनियन पॅसिफिकने घेतली. त्यामुळे सिएराच्या घाटात दिसणाऱ्या मालगाडीच्या इंजिनावरही आता बहुधा 'युनियन पॅसिफिक'च लिहिलेलं असतं.