केरो: पुराने न बुडालेलं, तरी ओस पडलेलं

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, ओहायो आणि मिसिसिपीच्या संगमावर केरो वसलंय. नाव इजिप्तच्या कैरोवरून घेतलेलं, स्पेलिंगही तेच. पण तिथे जाऊन 'कैरो' म्हणालात तर पाहुणे आहात हे लगेच कळतं.

1920च्या जनगणनेत इथे 15,203 माणसं होती. 2020मध्ये उरली 1,733. नद्यांच्या बेचक्यातलं गाव, तेव्हा पुरानेच खाल्लं असणार, असं कुणालाही वाटेल. तसं झालेलं नाही. गावाभोवती उंच बांध आहेत आणि उत्तरेच्या वेशीवर, हमरस्त्यावरच, एक अवाढव्य पोलादी दार. पाणी चढलं की ते खाली सोडायचं, गाव बंद. 1937च्या महापुरातही बांध टिकले.

भरभराट नद्यांचीच. 1861मध्ये, यादवी युद्धात, उत्तरेच्या फौजेच्या जनरल ग्रँटने इथे तळ टाकला. पुढे आगबोटी आणि रेल्वेमुळे गोदामं, हॉटेलं उभी राहिली. मग नद्यांवर पूल झाले, नावांचा धंदा बसला, आणि 1978मध्ये नवा महामार्ग गावाला वळसा घालून गेला. बऱ्याच गावांची गोष्ट इथेच संपते. केरोची नाही.

इथे 1909मध्ये हजारोंच्या जमावाने एका कृष्णवर्णीयाला भर रस्त्यात ठार मारलं. 1962मध्ये कृष्णवर्णीय तरुणांनी पोहण्याच्या तलावाबाहेर गुडघे टेकून प्रार्थना केली. तलाव सर्वांना खुला करण्याऐवजी तो बंदच केला गेला, पुढे त्यात काँक्रीट ओतलं. 1967मध्ये रजेवर आलेला एक कृष्णवर्णीय सैनिक पोलीस कोठडीत फासाला लटकलेला सापडला. पोलीस म्हणाले, आत्महत्या. त्याच्या समाजाला ते पटलं नाही. दंगल झाली, 1969पासून गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार पडला. मागणी साधी होती: आमच्याकडून पैसे घेता, तर आम्हाला नोकरीवरही ठेवा. बऱ्याच दुकानदारांनी त्यापेक्षा शटर कायमचं ओढणं पसंत केलं. स्वतःचा गल्ला बुडाला तरी चालेल! या हट्टाला माझ्याकडे शब्द नाही.

मे 2011मध्ये पुन्हा पूर आला. केरो वाचवायला लष्कराच्या अभियंत्यांनी पलीकडचा, मिझुरीतला बांध सुरुंगाने उडवला. सुमारे 1,30,000 एकर शेतीत पाणी घुसलं, गाव कोरडं राहिलं. त्याआधीच्या वर्षी लोकसंख्या 2,831 होती. 2017मध्ये राहण्यालायक नाहीत म्हणून सरकारी घरांच्या दोन वसाहती रिकाम्या करायचं ठरलं आणि तिथली शेकडो माणसं बिऱ्हाड आवरून दुसरीकडे गेली.