पंधरा वर्षांच्या गाडीचे रि-पासिंग आणि गंजलेला सायलेन्सर: पात्रता, कागदपत्रे, एक्झॉस्टचे काम

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. मुदत संपत आली की आरसीचे (नोंदणी प्रमाणपत्राचे) नूतनीकरण करावे लागते, त्यालाच आपण रि-पासिंग म्हणतो. गुहागर, देवगड, मालवणसारख्या किनाऱ्याच्या गावांतल्या गाड्या या तपासणीत हमखास अडतात त्या खालच्या गंजलेल्या पत्र्यामुळे आणि फुटलेल्या सायलेन्सरमुळे. जुन्या मॉडेलचा कंपनीचा सायलेन्सर पुष्कळदा मिळत नाही, म्हणून तो फॅब्रिकेटरकडून बनवून घ्यावा लागतो. बनवून घ्यायला हरकत नाही. मात्र क्रम चुकवू नका: आधी एक्झॉस्ट (सायलेन्सर आणि त्याचा पाइप), मग पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र), मग अर्ज.

परवानगी लागते का?

मूळ रचनेबरहुकूम, म्हणजे त्याच मार्गाने, त्याच व्यासाचा पाइप आणि तेवढ्याच घनफळाचा सायलेन्सरचा डबा बसवला तर ती दुरुस्ती. आरसीवरचा कोणताही तपशील बदलत नाही, त्यामुळे त्यासाठी आरटीओकडे वेगळा अर्ज नाही.

आवाज वाढवणारा, डबा काढून टाकलेला किंवा कॅटलिटिक कन्व्हर्टर (कॅट-कॉन, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग) गाळलेला एक्झॉस्ट मात्र कोणताही अर्ज भरून कायदेशीर होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराच्या उल्लंघनासाठी कलम १९० वेगळे आहे. त्यात दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो आणि लायसन्सही तीन महिने जाते. 'आरटीओतून पास करून देतो' असे सांगून मोठ्या आवाजाची नळी विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतले तीन नियम फॅब्रिकेटरला काम देण्यापूर्वीच सांगा. नियम ११२: धूर मागे किंवा उजवीकडे सुटला पाहिजे, खाली किंवा डावीकडे नाही. पाइप वाचवण्यासाठी मागच्या चाकाच्या पुढेच डावीकडे तोंड काढून देतात, ते चालत नाही. शेपटी, म्हणजे पाइपाचा शेवटचा तुकडा, डाव्या कोपऱ्यात असली तरी तोंड मागे हवे. नियम ११३: पाइप इंधनाच्या नळीपासून किमान ३५ मिमी लांब. नियम १२०: सायलेन्सर हवाच आणि आवाज मर्यादेत हवा. नऊपर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीला ही मर्यादा ७४ डेसिबल आहे. ती कंपनीच्या चाचणी मैदानावर चालत्या गाडीची मोजलेली असते, गॅरेजमध्ये मोबाइलवरच्या अॅपने तिची खात्री होत नाही. म्हणून मूळ घनफळ आणि मूळ व्यास हाच आपल्यासाठी खरा आधार.

काम कसे करून घ्यावे

एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. गाडी घर ते बाजार एवढीच फिरत असेल तर मागचा डबा तापतच नाही आणि ते पाणी आत साचते. खारी हवा बाहेरून आणि हे आम्लयुक्त पाणी आतून पत्रा खाते. म्हणून नव्या डब्याच्या सर्वांत खालच्या जागी ३ मिमीचे एक भोक ठेवायला सांगा.

पाइपासाठी १.५ मिमी जाडीचे ३०४ स्टेनलेस घ्या. ४०९ स्वस्त पडते आणि कंपन्याही वापरतात, पण किनाऱ्यावर ते लवकर तांबारते. पाण्याच्या लाइनचा जीआय पाइप मुळीच नको. त्याचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या वेळी विषारी धूर देतो, पुढे उष्णतेने जळून जातो आणि वजनाने हँगरची रबरे तुटतात.

३०४ ची एक खोड ध्यानात घ्या: ते तापल्यावर जास्त फुगते. अडीच मीटर पाइप ३०० अंशांनी तापला तर तो सुमारे १३ मिमी लांबतो, ४०९ साधारण ८ मिमी. फॅब्रिकेटरने पाइप चेसिसला पक्का क्लॅम्प केला तर मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या भागाच्या) जोडाला तडा जाऊ शकतो. मूळ जागेवरची सगळी रबरे ठेवा आणि पुढची जाळीची फ्लेक्स नळी सैल किंवा फाटली असेल तर त्याच वेळी बदला.

मूळ पाइपाचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजून कागदावर लिहून द्या. वळणे मँड्रेल बेंडची, म्हणजे नळीत आधार घालून वाकवलेली असावीत. प्रेसवर दाबलेल्या वळणात नळी चेपते. वेल्डिंग टिग पद्धतीचे (टंगस्टनच्या टोकाने, वायूच्या आवरणात), आणि पाइपाच्या आत आर्गॉन वायू सोडूनच. तसे न केल्यास जोडाच्या आतल्या बाजूला काळा खरखरीत थर येतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. वेल्डिंगची तार ३०४ ला ३०८एल, आणि ३०४ जुन्या लोखंडी फ्लँजला (जोडाच्या चकतीला) जोडताना ३०९एल. गाडीवर फक्त टाके मारायचे, तेही बॅटरीची निगेटिव्ह काढून. पूर्ण वेल्ड पाइप खाली उतरवून.

डबा पडद्यांचा, म्हणजे आत आडवे पत्रे असलेला मागा. सरळ जाळीच्या नळीभोवती काचेची लोकर भरलेला डबा पहिल्या दिवशी मऊ वाजतो, पण इथल्या दमट हवेत लोकर भिजते, जळते, आणि वर्षभरात आवाज चढतो. कॅट-कॉन आणि ऑक्सिजन सेन्सर मूळ अंतरावरच ठेवा. सेन्सरचा बंग, म्हणजे तो बसवायची वेल्ड केलेली बैठक, एम१८ × १.५ आट्याचा असतो. तो आडव्यापेक्षा किमान १० अंश वर कलता लावा, नाहीतर साचलेले पाणी सेन्सर फोडते.

आणि शेवटचा सरळ तुकडा किमान ३०० मिमी हवा. पीयूसीची नळी तेवढी आत जावी लागते. शोभेची वाकडी टोपी लावली की ती जात नाही.

पीयूसी

२०१०-११ मध्ये कोकणात नोंदलेल्या गाड्या बहुतेक बीएस-३ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या मर्यादेचा टप्पा) आहेत. कॅट-कॉन असलेल्या अशा पेट्रोल गाडीला मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के, हायड्रोकार्बन ७५० पीपीएम आणि प्रमाणपत्र सहा महिन्यांचे. बीएस-४ ला ०.३ टक्के, २०० पीपीएम आणि एक वर्ष. सेन्सरच्या अलीकडे जोड गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) मिश्रणात पेट्रोल कमी वाटते, तो पेट्रोल वाढवतो आणि आकडा बिघडतो. अशा वेळी ट्यूनिंगवर पैसे घालवण्याआधी थंड इंजिनावर जोडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा. चाचणीला जाण्यापूर्वी वीस मिनिटे गाडी चालवा. कॅट-कॉन साधारण २५० ते ३०० अंशांनंतरच काम करू लागतो.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. परिवहन संकेतस्थळावर वाहन सेवा, महाराष्ट्र, आपले कार्यालय (सिंधुदुर्ग एमएच-०७, रत्नागिरी एमएच-०८, पेण एमएच-०६), मग गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच अंक. ओटीपी आरसीशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. जुन्या गाड्यांना नंबर जोडलेलाच नसतो किंवा बंद झालेला असतो, तो आधी अद्ययावत करा.

लागणारे कागद: फॉर्म २५, मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पॅन किंवा फॉर्म ६०, पत्त्याचा पुरावा आणि चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा. ठसा घेण्यापूर्वी नंबरवरचा गंज तारेच्या ब्रशने नव्हे, डिझेलच्या फडक्याने पुसा. अंक खरवडले गेले की निराळीच चौकशी लागते. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट नसेल तर काम पुढे सरकत नाही.

कर्ज कधीच फिटलेले असते, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहतो. फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आणून तो आधी उतरवा. वडिलांच्या नावावरची गाडी असेल आणि ते हयात नसतील तर फॉर्म ३१ ने वारसाच्या नावे करून मगच हा अर्ज. मुंबईची गाडी गावी कायमची आणली असेल तर फॉर्म ३३ ने पत्ताबदल.

मोटारीला शुल्क ५,००० रुपये, २० वर्षांवरील गाडीला १०,०००. पर्यावरण कर वेगळा, रक्कम संकेतस्थळावर दिसते. उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये जादा. नूतनीकरण पाच वर्षांचे मिळते. दहा वर्षांच्या डिझेल गाडीची दिल्लीतली बंदी इथे लागू नाही, त्या भीतीने चांगली गाडी भंगारात देऊ नका.

तपासणीला गाडी कार्यालयात किंवा तालुक्याच्या शिबिरात न्यावी लागते. दिवे, वायपर, हॉर्न, ब्रेक, हँडब्रेक, टायर आणि खालचा पत्रा आदल्या दिवशीच पाहून घ्या. निरीक्षक इंजिन चालू ठेवून आवाज आणि गळती बघतात, पाइप हलवूनही पाहतात. गणपतीच्या आधीच्या महिन्यात गर्दी असते आणि पावसात फॅब्रिकेटर पाइपाला हात लावायला नाखूश असतो. मुदत पावसाळ्यात संपत असेल तर एक्झॉस्टचे काम एप्रिलमध्येच उरका. गाडी नापास झाली तर कारण लेखी मागून घ्या, तेवढेच दुरुस्त करा आणि त्याच अर्ज क्रमांकावर पुन्हा तपासणीची तारीख मागा.